प्रचाराचा शेवटचा दिवस

आदरणीय दिगंबरभाऊ,

काल तुमची तेरवी झाली. जेवणं आटोपल्यावर मंडळी म्हणाली, सरपंच, दोन शब्द बोला. मी उठलो आणि मला धड बोलता येईना. म्हणून आज लिहायला बसलो. जिवंतपणी मी तुम्हाला कधी ‘भाऊ’ म्हटलं नाही. आता म्हणतो आहे, त्याचीही लाज वाटते.

तुम्ही गेलात त्या दिवशी आमची वैष्णवी स्वयंपाकघरात बसून रडत होती. सरपंचकीला माझ्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस, आणि त्याच्यासाठी माझी पोर रडते? मी दरडावूनच विचारलं. तिनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सांग आता. ते तर गेले."

प्रचाराचा शेवटचा दिवस आठवतो ना, भाऊ? ज्यांच्या भावकीची मतं मला हवी होती, त्यांच्या घरी मी वैष्णवीचं लग्न बोलून ठेवलं होतं. तिला विचारलंही नव्हतं. त्या सकाळी ती कॉलेजला म्हणून निघाली आणि कपड्यांची पिशवी घेऊन धाड गावच्या एसटी स्टँडवर बसून राहिली. जायचं कुठं, ते तिलाच माहीत नव्हतं. तिथं तुम्ही तिला पाहिलंत.

गावात नुसती कुणकुण लागली असती, तरी ते घर माझ्यावर उलटलं असतं. निवडणूक तुमच्या हातात आली होती! आणि तुम्ही काय केलंत? बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून तिला विचारलंत, "बेटा, घरी जायाचं हाये का दुसरीकडं? तू म्हनशील तसं."

ती म्हणाली, घरी नाही. तुम्ही तिला बसनं बुलढाण्याला, आपल्या बहिणीकडे पोचवलंत. तिच्या आईला काळजी नको म्हणून तिलाच फोन करायला लावलंत. बायकोनं मला सांगितलं, पोरगी परीक्षेसाठी मैत्रिणीकडे राहिली आहे. मी सभेच्या गडबडीत होतो, दुसरा प्रश्न विचारला नाही. बाप होतो ना मी?

आणि त्याच संध्याकाळी पारावर मी माईक हातात घेतला. काय बोललो ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी आज लिहितोच. "ज्याच्या घरी पाळणा हालला नाही, त्याले लेकराबाळायचं गाव काय समजन?"

लोक हसले. मीही हसलो. माझी लेक तेव्हा तुमच्या बहिणीच्या घरी जेवत होती.

मी निवडून आलो. तुम्ही घरी येऊन माझ्या गळ्यात हार घातलात आणि निघताना हळूच म्हणालात, "गजाननराव, पोरीचं शिक्षण थांबवू नका." हा कोण मला शिकवणारा, असंच मनात आलं. पुढे वैष्णवी घरी परतल्यावर मायलेकींनी हट्ट धरला म्हणून मी ते लग्न मोडलं, आणि पोरीच्या मनाविरुद्ध जाणारा बाप मी नाही, असं सांगत गावभर फिरलो. लोक मला सज्जन म्हणाले. तुमच्याही कानावर आलं असेल. एकदा तरी मला बाजूला घेऊन खडसावायचं होतं हो! का नाही खडसावलंत?

काल वाटलं, सगळं सांगून मोकळं व्हावं. पण समोर बायकांत वैष्णवी बसली होती. तुम्ही झाकलेली तिची गोष्ट मी माझं मन हलकं करायला गावापुढं कशी उघडी करणार? एवढंच म्हणालो, की त्या सभेत दिगंबरभाऊंच्या घराबद्दल मी जे बोललो ते नीच होतं, माफी मागतो. आणि खाली बसलो.

नंतर शांतावहिनींपाशी गेलो. मान वर होईना. त्या म्हणाल्या, "तुमचं बोलनं सुरू झालं तसं हे मले म्हने, चाल, हरभरा पाहून येऊ. पर वावरात बी भोंगा आयकू येत व्हता. मंग हे मोठमोठ्यानं हरभऱ्याचंच बोलत राह्यले." मग म्हणाल्या, "मले सारं आयकू आलं व्हतं. आयकलं नाही, असंच त्यायले वाटू देलं. शेवटपर्यंत."

हे तुम्हालाही माहीत नव्हतं ना, भाऊ?

वैष्णवीचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. तिला पुढं शिकायचं आहे, ती शिकेल. तिला विचारल्याशिवाय तिच्या लग्नाचा शब्द मी कुणाला देणार नाही. स्टँडवरची गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर जाणार नाही. आणि वहिनींकडे मी पुन्हा जाईन. माफ केलं, असं त्या काल म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

तुमच्याहून वयानं आणि सगळ्यानंच लहान,
गजानन