दुसऱ्याच्या चपला आणि दुसऱ्याची रेघ

जयपूर, आदर्श नगर
मंगळवार संध्याकाळ, १९८९

आज माझ्यावर पादत्राणहरणाचा प्रसंग ओढवला. यंत्राला धूळ लागू नये म्हणून संगणकाच्या खोलीबाहेर सगळेच चपला काढतात. माझ्या कुणीतरी घालून गेलं, मी उरलेल्या घालून आलो. घरी दारातच हिने विचारलं, "अहो, या कुणाच्या?"

"ज्याच्या पायात माझ्या आहेत, त्याच्या."

ही हसली. मला हसू येईना.

कारण दुपारी पडद्यावरही हेच झालं. इस्पितळासाठीच्या आमच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक खाटेचं एक ऑब्जेक्ट, म्हणजे तिची माहिती ठेवणारा वेगळा कप्पा आहे, आणि त्याचं स्वतःचं फंक्शन, म्हणजे आज्ञांचा एक संच, त्या रोग्याच्या हृदयाची रेघ काढतं. पण पडद्यावर चित्रं काढणारी तयार फंक्शनांची लायब्ररी जुन्या सी भाषेतली, तिला ऑब्जेक्ट ठाऊक नाहीत. तिला सुटं, कुठल्याच खाटेचं नसलेलं, बिनमालकाचं फंक्शन लागतं, आणि ते बोलावताना कुठल्या खाटेसाठी, हे ती सांगत नाही. म्हणून मी मध्ये एक सुटं फंक्शन ठेवलं. ते शेवटी जोडलेल्या खाटेचाच पत्ता लक्षात ठेवतं. एका खाटेला उत्तम चाललं. आज चाचणीसाठी दोन जोडल्या, तर पहिल्या चौकटीतही दुसरीचीच रेघ!

आमचे साहेब भार्गवजी खूश. "जोशीजी, दोनों चल रही हैं, और क्या चाहिए?" आणि मी होकारार्थी मान हलवली. का हलवली?

चपला बदलल्या तर पाय तरी सांगतो. रेघ काय सांगणार?

उद्या खरे रोगी जोडणार आहेत. सकाळीच जाऊन थांबवायला हवं, हे कळतं. भीती एवढीच वाटते, की एखाद्याचं हृदय बंद पडेल आणि त्याच्या नावाखाली शेजारच्याची रेघ छान चालत राहील.