लालासाहेबांच्या काठीतली अळी

वडूज, १६ फेब्रुवारी १९७६

तीर्थरूप शालूआत्यांना लीलाचा नमस्कार. म्हसवडच्या वैद्यांच्या लेपाने तुमचा गुडघा आता वळत असेल. तुम्ही सुचवलेल्या स्थळाच्या भेटीत ८ तारखेला घडले ते असे:

१. पाटणचे पाहुणे अकराला आले.
२. मी पोहे दिले.
३. मुलाचे वडील लालासाहेब यांची काठी मी करवतीने कापली.
४. पाहुणे साडेबाराच्या गाडीने गेले.

तुमच्या पत्रावरून दिसते की तुम्हाला फक्त तिसरा मुद्दा कळला आहे. लालासाहेबांनी आमचे सोयरे कोण, कुठवर पसरलेत, सगळे विचारून घेतले. (बाबांनी पार मिरजेपर्यंत सांगितले.) तेवढ्यात काठीतून ताजा भुगा त्यांच्या पोह्यांत पडला. (त्यांनी तो खोबरे समजून खाल्ला.) मग म्हणाले, "पोरी, तुला काय इचारायचं आसंल तर इचार." मी काठी कुठली ते विचारले. लष्करात असताना आसामातून आणलेली, सहा वर्षांपूर्वी. आत लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी असावी, ती सुक्या लाकडात वर्षानुवर्षे जगते, पाने खाणारे भुंगेरे तिचे जवळचे नातलग, आणि ही जात आपल्याकडची नसेल तर पाटणच्या रानात सुटणे धोक्याचे, एवढेच मी सांगितले.

"रानडुकराला हाणलीया ही काठी! काप, बगू कुठं हाय तुजी अळी!"

मी ती परवानगी समजले. मुलाने, आकारामने, दुसरे टोक धरले. अळी करंगळीएवढी निघाली, जिवंत. लालासाहेब सवयीने काठीवर भार देऊन उठायला गेले आणि शेजारच्या केरबाकाकांच्या मांडीवर बसले.

तुम्ही लिहिता, माफी माग आणि काठी परत कर. माफी मागते. काठी देता येत नाही. अळीवरून जात नक्की ठरत नाही, भुंगेरा बाहेर यावा लागतो, आणि तोवर तिला तेच लाकूड हवे.

आपली,
लीला

ता. क. लालासाहेबांना बाभळीची नवी काठी एसटीने पाठवली आहे. तपासून.

पुन्हा ता. क. कापताना आकाराम यांनी टोक जराही हलू दिले नाही. (आमच्या कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांत हे कुणाला जमलेले नाही.) त्यांनी स्वयंपाकाचे विचारले नाही. भुंगेरा कधी बाहेर येईल, हे विचारले. सांगता येत नाही, म्हटल्यावर म्हणाले, "मग अदनंमदनं येऊन बगावं लागंल." एका वाक्यावरून निष्कर्ष काढणे बरोबर नाही. परंतु २७ तारखेला सांगलीचे पाहुणे मला बघायला येत आहेत, आणि त्यांना येऊ नका म्हणायला बाबांना कारण लागेल. पाटणहून खरोखर नकार आला आहे का, ते गुरुवार, २६ फेब्रुवारीपर्यंत कळवावे.