शैलेंद्रसाठी ठेवलेली काळी बिअर

मी, सदानंद रामचंद्र पाठारे, वय सत्तावन्न, राहणार अल नहदा, शारजा, कोणाच्याही दबावाशिवाय आणि डोके ठिकाणावर असताना हे लिहीत आहे. (ते ठिकाणावर नसते, हे पत्नीचे मत विचारात घेऊ नये.) उद्या दुबईत माझी बायपास आहे. एका जागी बसवत नाही. एवढे लिहीपर्यंत दोनदा उठून मागच्या खोलीतले कपाट बघून आलो.

१. ठाण्याचा फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी स्मिता हिला. गाडी कन्या ओवी हिला. "डॅड, प्लीज, आय डोन्ट वॉन्ट युअर कार," असे ती म्हणाली आहे. तरीही तिलाच.

२. बिअर करायचे पिंप, नळ्या आणि बुचे बसवायचे यंत्र मोडून टाकावे. पातेले स्मिताचे आहे, हे ती मला रोज ऐकवते.

३. कपाटात काळ्या, कडक बिअरच्या बाटल्या आहेत. दुप्पट माल्टची ही बिअर वर्षभर मुरवावी लागते. ती मी आणि माझा मित्र शैलेंद्र यांनी मिळून केली. माझ्या पाठीमागे त्याने पिंपात खजुराचा पाक ओतला. त्या जादा साखरेने गॅस वाढून पुढे काही बाटल्या फुटल्या, वॉचमन धावत आला, स्मिताने कुकर उडाल्याचे सांगितले. शारजात दारूला पूर्ण बंदी; हे उघडकीस आले असते तर नोकरी, व्हिसा, अब्रू, सगळेच खलास. मी शैलेंद्रला दार दाखवले. तेव्हापासून तो आला नाही, मीही फोन केला नाही. पाक घालायला नको होता, यावर मी आजही ठाम आहे.

माझे बरेवाईट झाल्यास सर्व बाटल्या शैलेंद्रला द्याव्यात. स्मिताला त्यापायी चौकीची पायरी चढावी लागू नये, म्हणून त्याने त्या लगेच हलवाव्यात. बिअर केव्हाच मुरली आहे. त्याच्याशिवाय उघडावीशी वाटली नाही.

पुरवणी, त्याच दिवशी: साक्षीदार दोन लागतात. शेजारची वीणा वकिलाच्या ऑफिसात आहे, ती एक. दुसऱ्यासाठी स्मिताने मला न विचारता शैलेंद्रला फोन केला. तो आला आणि चपला काढतानाच म्हणाला, "यल्ला, कुठे करू सही?"

वीणाने त्याला थांबवले. "अंकल, विटनेसला विलमधून काही मिळत नाही हं. सही केलीत तर बाटल्या गेल्या."

शैलेंद्रने कलम तीन उभ्यानेच वाचले. बराच वेळ वाचले.

"पेन दे," तो म्हणाला. "मला वारसा नको, हबीबी. तू परत ये, मिळून उघडू."

"आधी धडधाकट परत या," स्मिता म्हणाली. "मोरीत ओतायची की ग्लासात, ते मग बघू."

सबब कलम तीन रद्द. बाटल्यांना वारस उरलेला नाही. मला परत यावे लागेल.

शारजा, शुक्रवार, १४ मार्च २००३

सही: सदानंद रामचंद्र पाठारे

साक्षीदार:
वीणा दामले
शैलेंद्र कारखानीस (पाक हवाच होता.)