अक्षदाच्या खुर्चीत पडलेला कौल

अक्षदा,

कोणाला सांगून पटायचं नाही! बंगळुरू की हैदराबाद, तुझं ठरेना म्हणून सकाळी देवाला कौल लावला. उजवं फूल पडलं तर बंगळुरू, डावं पडलं तर हैदराबाद. तर दोन्ही फुलं एकदम उडाली आणि थेट तुझ्या खुर्चीत जाऊन बसली. म्हणजे तू ठाण्यातच राहायचं. वागळे इस्टेटमध्ये काय कमी ऑफिसं आहेत?

मी माजिवड्याला नारळ आणायला जातोय. आमटी दोघांची केली आहे. एकट्यापुरती मला अजून जमत नाही.

आबा

ता. क. शेजारची शीला मागे उभी राहून वाचतेय. म्हणते, हेही लिहा: "आबा, उजवं फूल आधीच पडलेलं. मग तुम्ही पंखा पाचवर केलात!"