दाजींच्या नावाची बादली

तीर्थरूप ताईला, पार्किंगच्या तळमजल्यावरून मान वर करून धाकट्याचा नमस्कार.

तू बरी असशील, भाची बरी असेल, आणि आईचे गुडघे बरे नसतील हे मला ठाऊक आहे. माझं म्हणशील तर तब्येत ठणठणीत, फक्त धुरानं आवाज बसलाय आणि पोटात सारखं जळतंय. (जेवणानं नाही. कशानं, ते पुढं येईलच.) फोन सोडून याला पत्राची हुक्की कुठून आली, असं वाटेल तुला. अगं, तुम्ही आईबाबांकडं राहायला आल्यापासून घरचा फोन कायम स्पीकरवर, आणि पहिलं ‘हॅलो’ दाजींचं. मी आईला गुडघ्यांचं विचारलं तरी सांगणार दाजीच. गुडघे कुणाचे, बोलतंय कोण!

तुझ्या नवऱ्याबद्दल मला आदर आहे. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं लिहायला मोकळा.

तर गाडी. ती छोटी करडी गाडी घ्यावी हे आपल्या घरात सगळ्यात आधी कोण बोललं? मी. इंजिन लहान, पेट्रोल बेतानं पिणारी, पोट जमिनीपासून चांगलं वर, आपल्या गल्लीत एका दमात वळेल अशी, सगळं मीच सांगितलं. तेव्हा बाबा काय म्हणाले? ‘बघू.’ पुढच्या आठवड्यात दाजी शोरूममध्ये जाऊन तिच्यात बसून आले, गुळगुळीत कागद घेऊन आले आणि माझंच सगळं वाचून दाखवलं, तर बाबा म्हणाले, ‘वा! जावयाची नजर बघा!’ माझ्या तोंडून निघालं की ‘बघू’, दाजींच्या तोंडून निघालं की ‘वा’. आता आईसुद्धा ‘दाजींनी निवडलेली गाडी’ असंच म्हणते. त्यामुळं हल्ली मी त्या गाडीतले दोष शोधतोय.

आणि दोष शोधायला माझ्यासारखा माणूस मिळायचा नाही. आमचं पार्किंग पाच मजली. लोक गेटवर चावी देऊन जातात, आम्ही गाड्या गोल रॅम्पवरून वर नेऊन लावायच्या आणि मागितल्या की खाली आणायच्या. दिवसभर चढ आणि वळण, वळण आणि चढ. आपलं गाव म्हणजे तरी दुसरं काय? दाजी जितक्या गाड्यांत बसले नसतील तितक्या मी चढवल्यात. (कामाला कंपनीची गाडी चालवत जातात, पण तो रस्ता कसला, ताटासारखा सपाट.) त्यांच्या कागदावर अ‍ॅव्हरेज लिहिलंय ते एकट्या, सडपातळ आणि उपाशी माणसानं वारा पाठीशी घेऊन काढलेलं असणार. आपल्याकडं चौघं बसणार आणि पाण्याच्या टाकीचा चढ पहिल्या गिअरवर कण्हत चढायचा. तिथं कागद काय ढकलणार आहे?

म्हणून मी स्वतः परीक्षा घेतली. दातांच्या डॉक्टरीणबाईंची हुबेहूब तीच गाडी आमच्याकडं चौथ्या मजल्यावर असते. एका दुपारी सामसूम बघून खाली आणली आणि आग विझवायच्या वाळूच्या बादल्या तिच्यात भरल्या. पुढं, माझ्या शेजारी, आई. मागं बाबा आणि तू. दाजींच्या नावाची बादली सगळ्यात जड निवडली आणि डिकीत ठेवली. (चालवणारा मी होतो ना, मग त्यांना दुसरी जागा कुठली?) आईच्या बादलीला पट्टासुद्धा लावला. अर्ध्या चढावर थांबवली, हँडब्रेक ओढला, सोडला, उचलली. बोटभर मागं आली नाही गं! डोकंच फिरलं माझं. पुन्हा केलं, पुन्हा तेच, गोगलगाईसारखी चिकटून वर. तिसऱ्या वेळी रागानं वळण जोरात घेतलं. आई पट्ट्यामुळं हलली नाही, बाबा तुझ्यावर रेलले, आणि दाजी उलटले. डिकीभर वाळू! वर पोचतो तो डॉक्टरीणबाई समोर उभ्या, गेटवर गाडी येईना म्हणून स्वतःच वर न्यायला आलेल्या. हे काय आहे, म्हणाल्या. मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, ‘बाई, घरची माणसं आहेत.’

आमच्या मुकादमानं हातात ब्रश दिला आणि मला रॅम्पवरून काढून गेटवर पावत्या फाडायला बसवलं. वाळू काढता काढता दिवस मावळला. डिकीत सांडलेले दाजी पुढच्या सीटखालीसुद्धा निघाले. हा माणूस कुठंही घुसतो.

तेव्हा ताई, रविवारचं बुकिंग थांबव. रंग मळखाऊ नाही म्हण, तुला त्यात मळमळतं म्हण, काहीही म्हण. तुला खरं सांगतो. मी निघालो त्या दिवशी आई बाजाराचा चढ चढताना शिंप्याच्या पायरीवर टेकली होती. मी म्हटलं, पुढच्या वेळी तुला गाडीत बसवून वर नेतो. ती हसली आणि माझा खांदा धरून उठली. आता तिला त्याच चढावरून दाजी नेणार आणि मला फोनवर फोटो येणार. पोटात जळतंय ते हे.

भाचीला पापा, बाबांना नमस्कार, दाजींनाही. (लिहावं लागतं.)

तुझा,
गेटवर बसवलेला भाऊ

ता. क. गाडी चांगली आहे. बुकिंग थांबवू नको.

आणखी एक. मी येईपर्यंत आईला गाडीत बसवू नको असं लिहिणार होतो. पण गुडघे तिचे आहेत. बसव. फक्त मागच्या सीटवर. पुढं, चालवणाऱ्याच्या शेजारी, मी आल्यावर.

हे शेवटचं, आणि वाचून झाल्यावर पत्र फाड. आमच्या रॅम्पवर दुसऱ्या गिअरच्या पुढं जायची सोयच नाही. तिसरा मी अजून टाकलेलाच नाही. टाकीच्या पुढं दवाखान्यापर्यंत रस्ता सपाट आहे, तिथं आईसमोर माझी पंचाईत होईल. तुला गाडी शिकवताना दाजी एकदाही ओरडले नाहीत, असं तूच सांगितलं होतंस. मी आलो की मला शिकवायला सांग त्यांना. मी विचारलं म्हणू नको, तुलाच सुचलं म्हण. शिकताना मागं कुणी बसायचं नाही. वजन लागलंच तर बादल्या ठेवू. दाजींची ठेवायला नको, ते स्वतःच शेजारी असतील. त्यांचा पट्टा मी लावीन.