हजेरी कोण ठेवतं?

४ मे २००९, सोमवार

ऐच्छिक म्हणे! सकाळी पावणेसहाला विश्रांतवाडीच्या मैदानावर पोचलो, तर चोवीसांपैकी एकोणीस खेळाडू बुटांच्या नाड्या बांधून तयार. स्पर्धा एप्रिलात संपली, पुढची ऑक्टोबरात. मे महिन्यात माणूस एवढ्या सकाळी स्वतःच्या इच्छेने फक्त गावची गाडी पकडायला उठतो.

मुठा रोव्हर्स हा आपला पुण्याचा व्यावसायिक फुटबॉल क्लब. मुठेत पाणी नाही, पण रोव्हर्स आहेत. मालक एक सॉफ्टवेअर कंपनी. खेळाडूंच्या करारात एक कलम आहे – कप्तानाने मागच्या वर्षी भांडून घालून घेतलेलं – की एक मे ते पंधरा जून सराव ऐच्छिक राहील आणि क्लब त्याची हजेरी ठेवणार नाही. आणि नव्या करारांची पत्रं निघतात पंधरा जूनला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं ज्याला वाटतं, त्याने खुशाल झोपावं.

सलिल – सदाशिव पेठेतला विंगर, पायापेक्षा जीभ वेगवान – म्हणाला, "काका, ऐच्छिक आहे म्हणजे इच्छा आहेच. कोणाची, ते विचारू नका."

"आणि हजेरी?"

"छे, ठेवत नाहीत. त्यांना फक्त माहीत असतं."

कोणाकडून? शोधलं पाहिजे. आयपीएलचं क्रिकेट यंदा निवडणुकीमुळे आफ्रिकेला गेलंय, मला दुसरा उद्योग नाही.

संपादक अनंतरावांनी रोज एक चौकट मागितली आहे, 'मैदानावरून'. "खाली उपस्थितांची नावं टाका, श्रीधरपंत. नाव छापलं की अख्खी गल्ली अंक घेते." पंचवीस वर्षं हेच करतोय. उद्घाटन असो की शोकसभा, शेवटी नावं आणि मग 'आदी उपस्थित होते'. हात आपोआप लिहितो.

५ मे

एकोणीस. एकही जांभई नाही. संशयास्पद.

७ मे

न येणाऱ्या पाचांपैकी चौघे गावी गेले आहेत. त्यांची तिकिटं लोकांनी पाहिली आहेत. पाचवा मात्र पुण्यातच आहे – दत्तप्रसाद. अमरावतीचा, बचावफळीतला, तिशीला टेकलेला. क्लबने त्याला कर्वेनगरात फ्लॅट दिलाय, माझ्या सोसायटीपासून दोन गल्ल्यांवर. आणि मैदानावर पत्ता नाही.

कॉलेजात शास्त्रीबुवांनी मीमांसा शिकवली होती. नित्य कर्म केलं तर पुण्य नाही, चुकवलं तर दोष. काम्य कर्म ज्याला फळ हवं त्याने करावं. न करणाऱ्याला दोष नाही. कागदावर हा सराव काम्य आहे. पण येणाऱ्याला पुण्य मिळालेलं मी अजून पाहिलं नाही, आणि न येणाऱ्याचं नाव निघालं की सगळे बुटाकडे बघतात. मीमांसकांच्या काळी एच.आर. खातं नव्हतं, हे त्यांचं नशीब.

९ मे, शनिवार

आज दत्तप्रसाद उगवला! पाच दिवस गायब आणि शनिवारी हजर. आला, सगळ्यांपेक्षा दोन फेऱ्या जास्त पळाला.

"रोज कुठे असता?"

"घरी, सर."

"घरी काय करता?"

"राहतो नं, सर."

पंचवीस वर्षांच्या पत्रकारितेला हे उत्तर!

"नाव छापू का आज आल्याचं?"

"तुमची इच्छा, सर. ऐच्छिकच आहे सगळं."

माझंच शस्त्र माझ्यावर. चौकटीत सतरा नावं लिहिली. त्याच्या नावापाशी जागा संपली. खरं सांगायचं तर संपवली. 'आदी'त बसा म्हटलं, महाराज.

११ मे

संशयित क्रमांक एक, फाटकावरचा रखवालदार ज्ञानदेव. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवतो, जाड वहीत काहीतरी लिहितो. आज स्कूटर लावताना हळूच डोकावलो.

"काय बघताय सायेब? गाडीचा नंबर लिवतोय. मानसाला कुठं नंबर हाय?"

"ही वही वर ऑफिसात जाते का?"

"पावसाळ्यात जाती. छत गळतंय तिथं खाली घालाया."

सुटला.

१३ मे

संशयित क्रमांक दोन, प्रशिक्षक रामदाससर. छातीच्या खिशात छोटी वही, सतत टिपणं. ते पाणी प्यायला गेले तेव्हा वही बाकावर होती. वाचली. (हे लिहिताना लाज वाटली. वाचताना वाटली नव्हती.) अर्ध्या पानावर पासिंगचे बाण, अर्ध्यावर 'रवा, हिंग, गॅसचा नंबर लावणे'.

मग सरळच विचारलं. सर म्हणाले, "हजेरी मी ठेवत नाही. कलम आहे, मी ते पाळतो. पण तुम्हाला खरं सांगू? दीड महिना पोरं मोकळी सोडली की जूनमध्ये निम्म्यांच्या मांड्या धरतात. सगळ्यांनी यावं असं मला वाटतं. वाटणं ऐच्छिक आहे ना?"

"आणि दत्तप्रसाद?"

"तो शनिवारी येतो तेव्हा त्याचा दम बाकीच्यांपेक्षा चांगला असतो. कुठे कमावतो, देव जाणे."

देव जाणे! म्हणजे दुसरीकडे सराव चाललाय. गोव्याचा एखादा क्लब, सोमवार ते शुक्रवार?

१६ मे, शनिवार

निवडणुकीचे निकाल. कचेरीत चालायला जागा नाही, क्रीडा पान अर्धं. दत्तप्रसाद आला होता. चौकटीत पाच नावं मावली, बाकी अख्खा संघ 'आदी'.

१९ मे

मंडईत आंबे घ्यायला मंदाकिनीबरोबर. तिथे दत्तप्रसाद! सकाळचे साडेनऊ. शेजारी निळी टोपी, हातात कागदांचा गठ्ठा असलेला माणूस. मी मंदाकिनीला खांबाआड ओढलं.

"अहो, काय हे! आंबेवाला पैसे न देता पळालो असं समजेल."

"तो बघ. दलाल असणार. कागद बघ."

"मला माणूस चिकू घेताना दिसतोय."

"तेच तर! एकेक दाबून बघतोय. इतके मऊ चिकू खेळाडूला कशाला?"

"तुम्ही कधी दाबून घेतलेत का? मागच्या रविवारचे अजून दगड आहेत."

टोपीवाला पार्किंगच्या पावत्या फाडणारा निघाला. मंदाकिनी रागावली नाही. घरी येईपर्यंत फक्त हसत होती. ते जास्त वाईट.

२१ मे

आज सकाळी मैदानावर न जाता सरळ त्याच्या दारात गेलो. पावणेसात. बेल दाबली. दत्तप्रसादने दार उघडलं – कडेवर दीड वर्षाची मुलगी, दोघांच्याही अंगावर चिकू.

"या नं, सर. बसा. तिथं नका, ओलं आहे."

मुलीचं नाव अपूर्वा. बायको भाग्यश्री, इंजिनिअर. हिंजवडीतल्या एका कंपनीने वर्षापूर्वी नोकरी दिली, मग मंदी आली. पत्रं येत राहिली – रुजू होण्याची तारीख पुढे, आणखी पुढे. शेवटी चार मेला बोलावलं. तीन महिने प्रशिक्षण, जुलैअखेर परीक्षा. पास झाली तर कायम, नाहीतर घरी. सव्वासहाला कोपऱ्यावर कंपनीची बस येते. पाळणाघर उघडतं आठला, आणि सराव सहा ते आठ. शनिवारी तिला सुट्टी असते, रविवारी सरावालाच.

संपलं रहस्य. हेरगिरीत पंधरा दिवस गेले आणि आत सापडलं मऊ चिकूचं फडकं.

"मग दम कुठे कमावता?"

"संध्याकाळी ती आली की टेकडीवर. पाठीला दहा किलोची वाळूची पिशवी. कोण्या दिवशी पोरगीच घेतो पाठीवर. ती जड आहे पिशवीपेक्षा."

"हे क्लबला का सांगत नाही? ते काही राक्षस नाहीत."

त्याने मुलीचं तोंड पुसलं. शांतपणे म्हणाला, "काय सांगू, सर? ऐच्छिक गोष्टीची रजा मागू? आज मी मागितली तर उद्या प्रत्येकाला मागावी लागेल. मग ते ऐच्छिक कुठं राहिलं? कप्तानाने भांडून मिळवलेलं मी अर्ज लिहून परत देऊ? साडेदहा महिने मी त्यांचा. कधी एक सराव चुकवला नाही, ताप असताना आलो. हा दीड महिना भाग्यश्रीचा. कागदावर लिहिलं आहे, त्यावर त्यांची सही आहे."

"आणि पंधरा जूनला करार गेला तर?"

"तर फ्लॅट जाईल. फ्लॅट क्लबचा. मग परीक्षेआधीच अमरावती." अपूर्वाने माझा चष्मा ओढला. "पण हजेरी तर ठेवत नाहीत नं, सर?"

ठेवतात, असं म्हणवेना.

त्यांच्या सराव-शास्त्रात रामदाससरांचं बरोबर आहे. याच्या घरात याचं बरोबर आहे. करार मात्र एकाच बाजूने बोलतो, आणि ती याची बाजू. शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस मी फार दिवसांनी पाहिला. पुण्यात तर पहिल्यांदाच.

२३ मे, शनिवार

दत्तप्रसाद आला. आज नावांसाठी पुरेशी जागा होती. पण नीट विचार केला – आठवड्यात एकदाच नाव छापलं तर बाकीचे पाच दिवस उघडे पडणार. कोणीतरी वाचणार, बोटं मोजणार. नाव नसलेलंच बरं. हातचं राखून 'आदी' लिहिलं.

मंदाकिनी म्हणाली, "आला होता ना? मग नाव घालायला काय जातं?"

"तुला नाही कळायचं. हा डाव आहे."

"मंडईतल्यासारखा?"

३० मे, शनिवार

आला. 'आदी'. तो 'सर, नाव नाही दिसलं' म्हणून हसला. मी डोळा मारला. पन्नाशीत डोळा मारणं जमत नाही. त्याला वाटलं काहीतरी गेलं डोळ्यात.

६ जून, शनिवार

सलिलने खबर आणली. सत्यशीलाबाईंकडे – कंपनीच्या एच.आर.च्या प्रमुख, क्लबचे करारही त्याच बघतात – प्रत्येकाचे दिवस मोजलेले आहेत. "मला म्हणाल्या, 'सलिल, अठ्ठावीस दिवस, वेल डन.' काका, मी स्वतः नव्हते मोजले!"

अठ्ठावीस! मी माझ्या कात्रणांत ताडून पाहिलं. बरोब्बर.

म्हणजे मैदानावरच कोणीतरी आहे. रोज येणारा. सगळ्यांना ओळखणारा. सगळ्यांशी गोड बोलणारा. सलिलच नसेल? बाईंशी बोलतो, सगळ्यांच्या आत-बाहेर असतो. सोमवारपासून त्याच्याशी जपून.

(दत्तप्रसाद आला होता. 'आदी'.)

९ जून

सलिलने चहा दिला. घेतला नाही. "काका, काय झालं?" म्हणाला. वाईट वाटलं नाही.

१३ जून, शनिवार

सहावा शनिवार. दत्तप्रसाद सगळ्यांत शेवटी मैदानाबाहेर आला. भाग्यश्रीला पहिल्या चाचणीत ब्याऐंशी, म्हणाला. परवा पत्रं. त्याच्या पायात ताकद आहे, सर त्याच्या बाजूने आहेत. चौकटीत मात्र पथ्य पाळलं.

१५ जून, सोमवार

दत्तप्रसादला पत्र नाही. म्हणजे आहे – करार वाढवत नसल्याचं. एक वाक्य त्याने मला दारातच वाचून दाखवलं. 'बिगरहंगामी काळात आपला सहभाग शून्य होता, यावरून आपली बांधिलकी दिसून आली.' फ्लॅट तीस जूनपर्यंत सोडायचा. भाग्यश्री बसमध्ये होती, तिला अजून माहीत नव्हतं.

"शून्य नाही नं, सर. सहा दिवस आलो. तुम्ही पाहिलं."

रामदाससर भयंकर चिडलेले. "पुढच्या संघासाठी मी त्याचं नाव मागितलं होतं! बाई म्हणाल्या, एकही दिवस आला नाही. मी म्हटलं, दर शनिवारी यायचा. तर म्हणे, तुमच्याकडे नोंद आहे का? कुठून असणार नोंद? कलमाने ठेवायची नाही!"

आता सोडत नाही. हजेरी ठेवली हा करारभंग, आणि वर ती खोटी ठेवली! उद्या सकाळी अकराला सत्यशीलाबाईंच्या कचेरीत. यादी कोणी दिली त्याचं नाव घेतल्याशिवाय उठणार नाही. आणि ते नाव मी छापणार – पहिल्या पानावर, जागा असो नसो.

१६ जून

बाई अदबीने बोलल्या. "आम्ही हजेरी ठेवत नाही, श्रीधरजी. करारात तसं आहे." मग एक फाइल पुढे सरकवली – 'वृत्तपत्रीय प्रसिद्धी'. माझ्या सगळ्या चौकटी, तारीखवार, प्रत्येक नावावर पिवळी रेघ. "इतकं व्यवस्थित कोण लिहितं हल्ली? आम्हाला वेगळी नोंद ठेवायची गरजच पडली नाही."

शनिवारची पानं काढून पाहिली. सहाही. 'आदी'वर रेघ नव्हती.