शेवाळ बघायला परदेशात कशाला?

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकतील तेवढाच साष्टांग, उरलेला उभ्यानेच मानून घे).

तुझा रक्तदाब काय म्हणतोय? गोळ्या वेळेवर घेतेस ना, की बरं वाटतंय म्हणून परस्पर त्यांना सुट्टी दिलीस? शेजारच्या काकू बऱ्या आहेत? इकडे सगळं क्षेम. सगळं म्हणजे मी एकटीच, पण आज माझ्या एकटीत चार माणसं नाचताहेत. ताई, मंजुरी मिळाली! सही-शिक्क्यासकट मिळाली! फोनवरच सांगणार होते, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? 'जेवलीस का'ने सुरुवात करतेस आणि मी 'हो' म्हणेपर्यंत 'ठेवते गं, गॅसवर दूध आहे' म्हणून मोकळी होतेस. पत्राला बिचाऱ्याला मधेच तोडता येत नाही. तेव्हा चष्मा लाव आणि नीट टेकून बस.

आमच्या अभ्यासदौऱ्याचं तुला अर्धंमुर्धं ठाऊक आहे. सहा विद्यार्थी आणि मी, दीड महिना परदेशातल्या एका विद्यापीठात जाऊन तिथल्या जुन्या दगडी भिंतींवरचं शेवाळ अभ्यासायचं. (शास्त्रात याला हरिता म्हणतात, पण तूही शेवाळ म्हणतेस आणि मंजुरी समितीही शेवाळच म्हणते, तेव्हा शेवाळ तर शेवाळ.) तिकडच्या प्राध्यापक बाई इतक्या प्रेमळ, की त्यांनी आमच्यासाठी भिंतीसुद्धा निवडून ठेवल्या आहेत. यापूर्वी दोनदा मी हा प्रस्ताव दिला आणि दोनदा तो परत आला. एकदा तर कारण असं, की पानांना समास डावीकडे सोडला होता आणि फायलीची भोकं उजवीकडे पडली होती. या वेळी मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. विद्यापीठाने स्पष्ट सांगितलं होतं, की वर्षभरात या विषयाने काही हालचाल दाखवली नाही तर विषयच बंद. शेवाळाकडून हालचाल मागणारी माणसं ही! पण विषय बंद म्हणजे माझी प्रयोगशाळा बंद, आणि ती सहा पोरं दुसऱ्याच कुठल्या तरी वर्गात कोंबली जाणार. मला झोप लागेना.

समितीत तिघंजण. अध्यक्ष काँक्रीट शिकवतात, आम्ही त्यांना मागून सिमेंटसाहेब म्हणतो. या माणसाचं सगळं आयुष्य भिंतीवर काही उगवू नये यात गेलेलं, आणि त्याच्यापुढे मी शेवाळाची बाजू मांडायला उभी. दुसऱ्या, सुरक्षा विभागाच्या काळजीवाहू बाई. त्यांनी मला विचारलं, शेवाळावरून विद्यार्थी घसरला तर जबाबदार कोण? मी म्हटलं, आम्ही भिंतीवरचं बघतो, भिंतीवर कुणी चालत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढे स्वतःच्या अक्षरात 'खात्री करावी' असं जोडलं. तिसरे आमचेच विभागप्रमुख. ते कुणालाच नाही म्हणत नाहीत, त्यामुळे त्यांच्या 'हो'ला काडीची किंमत नाही. त्यांनाच त्या दिवशी मला मदत करायची हुक्की आली. म्हणाले, बाईंचा अभ्यास फार दांडगा, त्यांच्या घरामागच्या भिंतीवर तर त्यांनी वर्षानुवर्षं शेवाळ सांभाळलंय!

झालं. सिमेंटसाहेबांनी पेन खाली ठेवलं. घरच्या भिंतीवर असताना शेवाळ बघायला परदेशात कशाला? आमच्या मोरीतही आहे, या हवं तर. सगळे हसले, मीही हसले (न हसून सांगते कुणाला). शेवटी ठरलं, की सोमवारी समिती घरी येऊन भिंत बघणार, आणि भिंत पुरेशी असेल तर दौरा रद्द. म्हणजे बघ कशी अडकले! भिंत चांगली दाखवावी तर दौरा जातो, वाईट दाखवावी तर माझ्या अभ्यासाची लाज जाते. शनिवार-रविवार मी विभागातच बसून तिकडच्या आणि इकडच्या जातींतले फरक मांडत होते, मान मोडेपर्यंत.

आणि त्याच शनिवारी तू आलीस. आता पुढचं तुला ठाऊक आहे असं तुला वाटतं, पण तुला काहीच ठाऊक नाही. मी घाईघाईत किल्ली हातात देऊन म्हणाले, सोमवारी विद्यापीठाची मोठी माणसं घरी येणार आहेत, आणि पळाले. मोठी माणसं येणार म्हटल्यावर आपल्या घरात कुणी स्वस्थ बसलंय कधी? रविवारी संध्याकाळी मी परतले तर मागची भिंत लख्ख! वरपासून खालपर्यंत, कोपऱ्याकोपऱ्यात, जिथे ब्रश जात नाही तिथे काडीला चिंधी गुंडाळून. मी खुणेसाठी रोवलेल्या चिठ्ठ्यांच्या काड्यासुद्धा तू धुऊन, पुसून, रबर लावून ओट्यावर ठेवल्या होत्यास, कामाला येतील म्हणून.

ताई, ओरडायला मी तोंड उघडलंही होतं. पण तू बाह्या वर करून, केसांना जुनं फडकं बांधून उभी होतीस आणि म्हणालीस, 'बघ, भिंतीला रंग आहे हे तरी तुला माहीत होतं का?' आणि हसलीस. भाऊजी गेल्यापासून तुला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग कसलं शेवाळ आणि कसलं काय. मी म्हणाले, छान झालं. तू रात्रीच्या गाडीने गेलीस आणि मी त्या भिंतीसमोर स्टूल टाकून बसले. (रडू नकोस. मोजमापं आणि नमुने सगळे विभागात आहेत. आणि शेवाळ आपल्या घराण्यासारखं चिवट असतं, ओल मिळाली की परत येतं.)

सोमवारी समिती आली. मी सरळ मागचं दार उघडलं. सिमेंटसाहेब भिंतीजवळ गेले. हात फिरवला. नखाने खरवडून पाहिलं. चष्मा काढून सांध्यात डोळा घातला. आणि काय सांगू, त्या माणसाचा चेहरा खुलला! म्हणाले, 'बाई, हे काम कुणी केलं? चाळीस वर्षांत अशी साफ भिंत पाहिली नाही मी.' मी म्हटलं, माझ्या थोरल्या बहिणीने. मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. म्हटलं, साहेब, आता तुम्हीच बघा, इथे शेवाळाचा कणही नाही, मुलांना मी दाखवू काय? ते मान हलवत म्हणाले, नाही हो, इथे कसला अभ्यास होणार! उभ्या उभ्या, भिंतीलाच कागद टेकवून, त्यांनी शेरा लिहिला: अभ्यासाची वस्तू येथे उपलब्ध नाही, परदेशी जाणे आवश्यक. विभागप्रमुखांनी सही केली. काळजीवाहू बाईंनीही केली, एक अट घालून. ती अट किरकोळ आहे, खाली लिहिते.

मुलांना सांगितलं तेव्हा त्यांनी प्रयोगशाळा डोक्यावर घेतली. एकीने तर आनंदाच्या भरात मला उचललं आणि मग दोघींनाही खाली बसावं लागलं. ताई, जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार आहे मी! तू जपून राहा, शेजारच्या काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. ती अट. मुलांबरोबर माझ्याशिवाय आणखी एक पोक्त, खमकी बाई हवी, जिच्या नजरेतून काही सुटत नाही. सिमेंटसाहेब लगेच म्हणाले, जिने ही भिंत केली त्याच बाईंना न्या. मी तुझं नाव लिहून दिलं आहे. तुला विचारायचं राहिलं.

ता. क. दुसरा. मला परदेशात काय कळतंय, असं म्हणू नकोस. मलाही कळत नाही. पासपोर्ट नाही असंही म्हणू नकोस. भाऊजींबरोबर जायचं म्हणून हौसेने काढलेला आहे तुझ्याकडे, अजून कोरा. तुमचं दोघांचं जाणं राहून गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. पण म्हणून तू त्या दोन खोल्या दिवसातून तीनदा पुसत बसावंस, हे मला बघवत नाही. तुझ्यावाचून दौरा होत नाही हे खरं, पण नुसत्या दौऱ्यासाठी मी तुला नेत नाही आहे.

ता. क. शेवटचा. हा तुझ्या जिन्यात बसून, पर्सवर कागद ठेवून लिहिते आहे (म्हणून अक्षर असं). पत्र टपालात टाकलंच नाही. समोर उभी राहिले असते तर तू एका शब्दात नाही म्हणाली असतीस, आणि लहानपणापासून तुझं ऐकायची सवय, मी गपचूप परतही गेले असते. तुझ्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आत्ताच विचारून गेले, कुणाकडे आलात? मी सांगून टाकलं, बहिणीला न्यायला आले आहे. आता त्यांच्यासमोर मला खोटं पाडू नकोस. पत्र दाराखालून सरकवते आहे. दार उघड.